डहाणूचं शहाळं, तलासरीची पेज

मैत्रिणींनो, डहाणू म्हटलं की डोळ्यांपुढे आधी चिकूच येतो. येणारच! २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आता त्या नावावर दुसरीकडचं फळ विकता येत नाही. पण या उन्हाळ्यात तिकडे जाल, तर चिकूची करंडी घेऊन लगेच परतीची गाडी धरू नका. दोन दिवस हाताशी ठेवा. एक समुद्राकाठी घालवा, एक तलासरीकडच्या डोंगरउतारांवर. आणि जाता-येता एका गोष्टीकडे गृहिणीच्या नजरेनं बघा : तिथली माणसं तहान कशी भागवतात?

हसू नका. हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. घरात रांगतं मूल असेल, सासूबाई सत्तरीच्या असतील, ‘हे’ दुपारच्या उन्हात फिरतीवर असतील, तर त्यांच्या पोटात पाण्याबरोबर काय जातं आणि किती जातं, हे तुम्हांला माहीत असायलाच हवं. दुकानातल्या रंगीत बाटल्यांवर हल्ली ‘इलेक्ट्रोलाइट’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. त्या शब्दाला दबून जायचं कारण नाही. घामातून, उलटीतून, जुलाबातून पाण्याबरोबर जे क्षार निघून जातात, तेच हे. त्यांतला मुख्य क्षार आपल्या मिसळणाच्या डब्याशेजारीच बसलेला असतो. मीठ!

मुंबईकडून जाणाऱ्यांची २०१३ पासून फार सोय झाली आहे. लोकल विरारच्या पुढे थेट डहाणू रोडपर्यंत जाते. सकाळची गाडी धरा, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचाल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा निघाला. डहाणू आणि तलासरी हे त्याचे अगदी उत्तरेकडचे, गुजरातला टेकलेले तालुके. स्टेशनावर मराठी, गुजराती आणि वारली बोली एकाच वेळी कानांवर पडतात.

समुद्राकडे गेलात की सुरूची झाडं आणि मागे वाड्या. नारळ, ताड, चिकू. इराणी आणि पारशी कुटुंबांनी इथं फळबागा लावल्या, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. चिकू मुळातला इथला नव्हे, तो मध्य अमेरिकेकडचा. पण घोलवड-बोर्डीच्या हवेत असा रमला की आज त्याला परका म्हणायला जीभ धजत नाही. फळं उतरवताना बघायला मिळालं तर अवश्य बघा. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली असते. फळ अलगद जाळीत पडतं, खाली आपटत नाही. हे काम दिवसभर मान वर करून करायचं. उन्हात मान वर करून आपण चार कपडे वाळत घातले तरी घेरी येते!

इथं रस्त्याकडेला तुम्हांला शहाळं मिळेल, मोसमात ताडगोळे मिळतील. नीराही मिळेल, पण ती सकाळीच प्यावी. ताडाच्या पोयीतून रात्रभर झिरपलेला हा गोड रस ऊन लागलं की आंबू लागतो आणि त्याची ताडी होते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं २०२० च्या जूनमध्ये डहाणूतच नीरा आणि ताडगूळ यांची एक योजना सुरू केली, त्या वेळी २०० कारागिरांना अवजारं दिली होती. चव घ्या, मुलांना दाखवा. पण नीरा हे पाहुणचाराचं पेय. आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं नव्हे.

आता शहाळ्याबद्दल दोन शब्द, कारण इथंच आपल्या शहरी घरांत गल्लत होते. कुणाला जुलाब लागले, की ‘शहाळं आणा’ म्हणून धावाधाव. शहाळं उत्तमच, त्यात पोटॅशियम भरपूर. पण जुलाबांत शरीरातून जास्त जातं ते सोडियम, म्हणजे मिठातला अंश, आणि शहाळ्यात नेमकं तेच कमी. म्हणून शहाळं जोडीला द्यावं, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. उन्हातून आलेल्या निरोगी माणसाला दिलंत तर काहीच बिघडत नाही; तो दोन घास खातो, त्यात मीठ येतंच.

घोलवडच्या बाजूला गेलात तर बोर्डी आणि कोसबाड चुकवू नका. ही दोन नावं आपल्या बायकांच्या इतिहासातली आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ आलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, हा त्यांचा खाक्या. त्यातून अंगणवाडी निघाली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला देशभर बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही आपण अंगणवाडीच म्हणतो. तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या दारावरून जाताना कोसबाडची आठवण ठेवा.

ही आठवण उगाच काढली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर याच अंगणवाड्यांतून आणि आशाताईंच्या पिशवीतून जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पाकिटं आणि जस्ताच्या गोळ्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरी पोचतात. त्या फुकट असतात. शहरातल्या बाईला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. का नाही? जुलाब काय पत्ता बघून येतात?

दुसऱ्या दिवशी डहाणूहून चारोटी नाक्याला या आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गानं उत्तरेकडे वळा. थोड्याच अंतरावर विवळवेढ्याची महालक्ष्मी लागते. चैत्री पौर्णिमेपासून पंधरवडाभर इथं मोठी यात्रा भरते आणि तेव्हाचं ऊन काय विचारता! दर्शनाची रांग, धूळ, बर्फाचे गोळे, उसाचा रस. यात्रेला जाणार असाल तर घरूनच पाण्याच्या बाटल्या न्या. एका बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर घालून ठेवा. उघड्यावरच्या बर्फापासून मुलांना लांब ठेवा. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पुढे तलासरी. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा उंबरगाव तिकडे गेलं आणि तलासरीचा हा भाग इकडे राहिला. समुद्राची गार झुळूक आता संपली. माळ, साग, उघडे उतार आणि विखुरलेले पाडे. पाऊस इथं धो धो पडतो, पण उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बायकांच्या डोक्यावर हंडे दिसतात. याच तालुक्यातल्या झरी गावात १९४५ च्या मे महिन्यात, ऐन वैशाखात, वारल्यांचं अधिवेशन भरलं होतं. सावकार-जमीनदारांची वेठ आणि लग्नगड्याची चाल यांविरुद्ध. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघांनी जन्मभर राबायचं, ही ती चाल. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तुम्ही वाचलं नसेल, तर निघण्याआधी वाचनालयातून आणाच.

अशा उन्हात राबणारी बाई काय पिते? पेज पिते, आंबील पिते. तुम्ही एखाद्या पाड्यावर ओळखीनं गेलात आणि ‘बस ना बाय जराशी’ म्हणून आग्रह झाला, तर बसा. समोर येईल ती नागलीची आंबील किंवा कण्यांची पेज. आपल्याला ती आधी फिक्कट वाटते. साखर नाही, वेलदोडा नाही. पण दोन घोट पोटात गेले की लक्षात येतं, या वाडग्यात पाणी आहे, मीठ आहे, आणि ते मीठ आतड्यातून रक्तात ओढून नेणारं पिष्टही आहे. शहाळ्यात जे कमी पडलं, ते इथं आहे.

हे ‘ओढून नेणं’ नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. नुसतं मीठ-पाणी जुलाब लागलेल्या आतड्यात नीट शोषलं जात नाही. साखर सोबत असली, की आतड्याच्या पेशी साखर आणि मीठ जोडीनं आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणी येतं. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं ही जोडीची वाट मांडली. अगदी पटकीच्या आजारातही ही वाट बंद होत नाही. तांदळाचं, नागलीचं पिष्ट पोटात फुटून त्याची साखरच होते. म्हणून मीठ घातलेली पेज लागू पडते.

आणि हे नुसतं कागदावरचं शास्त्र नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालात आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच पेल्या-पेल्यानं पाजायला सांगितलं. तिथला मृत्यूंचा आकडा शेकडा तीसच्या घरात होता, तो चारच्या खाली आला. पाजणाऱ्या बहुतेक आया-बहिणीच असणार, नाही का? २०२२ साली डॉक्टर वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पुढे बांगलादेशात घरोघर जाऊन बायकांना हेच शिकवलं गेलं : तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ. तिथं पाणी मोजायचं मापही ठरवून दिलं होतं, हे विसरू नका.

आता स्वयंपाकघरात या. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या. त्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसा, आणि सपाट; बोटानं किंवा सुरीच्या पाठीनं शीग उतरवायची. विरघळेपर्यंत ढवळायचं. मग स्वतः चव बघायची. डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागलं, तर ते ओतून द्यायचं आणि नवं करायचं. एकाच पेल्यापुरतं करायचं असेल तर २०० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा साखर आणि एक चिमूट मीठ. चवीला लिंबू पिळलंत तरी चालेल. भांडं झाकून ठेवा. २४ तासांनी उरलेलं टाकून द्या.

‘थोडी साखर जास्त घातली तर काय होतंय, पोराला ताकद येईल,’ असं म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक घरात असतात. त्यांना प्रेमानं बाजूला बसवा. साखर जास्त झाली की ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. शीतपेयं, डब्यातले फळांचे रस, दाट सरबतं याच कारणानं नकोत. मीठ जास्त झालं तर तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं. इथं ‘अंदाजानं’ हा आपला लाडका शब्द उपयोगाचा नाही. भाजीत चालतो, यात नाही.

औषधाच्या दुकानातलं खरं पाकीट मिळालं, तर ते घरच्या मिश्रणापेक्षा सरसच. त्यात पोटॅशियम आणि सायट्रेटही असतं, जे आपल्या मीठ-साखरेत नाही. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवा. मोठ्या पाकिटाला बहुधा एक लिटर लागतं. अर्धं पाकीट पेल्यात, अर्धं उद्याला, असं करू नका. आणि नाव नीट वाचा. बरीच वर्षं गोड फळपेयं ‘ओआरएस’शी मिळत्याजुळत्या नावांनी विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी हा प्रश्न चिकाटीनं लावून धरला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं पेयांच्या नावांत हा शब्द वापरायला मनाई केली. एकट्या बाईनं धरलेला हट्ट कुठवर पोचतो बघा!

द्यायचं कसं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्यानं. त्याहून मोठ्याला अर्धा ते एक पेला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. ‘पोटात काही राहतच नाही’ म्हणून बंद करू नका. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. खाणंही तोडायचं नाही : मऊ भात, वरणाचं पाणी, केळं. जस्ताच्या गोळ्या आशाताई किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण द्यायच्या, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर घरच्या प्रयोगात वेळ घालवू नका. दूध पाजत पाजत डॉक्टरांकडे न्या. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, रडताना आसवं येईनात, लघवी होईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते आहे, शौचात रक्त आहे, किंवा ते पाणीच पीत नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.

आणि पेज? तिला आजारपणाचीच वाट बघायला नको. मूठभर कण्या धुऊन दीड लिटर पाण्यात मऊ फुटेपर्यंत शिजवा, साधारण लिटरभर पातळ पेज उरेल. उतरवताना अर्धा सपाट चमचा मीठ घाला. नागलीची आंबील करायची तर चार मोठे चमचे पीठ रात्री थोड्या पाण्यात कालवून झाकून ठेवा. सकाळी त्याला आंबूस वास येतो. लिटरभर पाणी उकळत ठेवून त्यात हे कालवण धार धरून सोडा आणि हात थांबवू नका, नाहीतर गुठळ्या होतात. मीठ तितकंच. गार झाल्यावर ताक घालून दुपारी द्या. आजारी मुलाला मात्र रात्रभर आंबवलेलं नको, ताजी कण्यांची पेजच बरी.

एक सांगायचं राहिलंच. ज्यांना रक्तदाब आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा साखरेचा आजार आहे, त्यांना ही पेयं रोजची म्हणून लावू नका. आधी डॉक्टरांना विचारा. आणि पंख्याखाली बसून टीव्ही बघणाऱ्या निरोगी माणसाला साधं माठातलं पाणी पुरे. त्याला कशाला हवेत क्षार?

परतताना त्या बाजूच्या बाजारात नागली दिसली तर किलोभर घ्या. निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून दळली की पीठ बरेच दिवस टिकतं. सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एक लिटर पाणी, हे एका चिठ्ठीवर लिहून साखरेच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. चिकू मात्र कडक आणि पिकलेले वेगवेगळे बांधा. लोकलच्या गर्दीत पिकलेल्या चिकूंचा पार लगदा होतो.